कडधान्य वायडं पडू नये म्हणून: निवडण्यापासून ताटापर्यंत, खान्देशातल्या पाण्याउन्हाच्या हिशोबाने

आमच्या धुळ्यात कुठल्याही घरी डाएटचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. एक, "डॉक्टरांनी प्रोटीन वाढवायला सांगितलंय." दुसरं लगेच मागोमाग, "पण कडधान्य वायडं शे ना बाई, पोट फुगस." मग दोन दिवस उसळ होते, तिसऱ्या दिवशी कोणीतरी पोट धरून बसतं आणि परत आपलं पातळ वरण, शेवभाजी, झालं.

मी बऱ्याच जणींना विचारलं की नेमकं केलं काय, तर उत्तर थोड्याफार फरकानं तेच येतं. सहा महिन्यांपूर्वीचा हरभरा, बोअरच्या पाण्यात चार तास भिजवला, त्याच पाण्यात कुकरला लावला, चिंच-मीठ आधीच घातलं, सात शिट्ट्या केल्या, तरी टणक राहिला म्हणून सोडा टाकला, आणि मग इतके दिवस न खाल्लेलं कडधान्य एकदम मोठी वाटीभर खाल्लं. यात बिचाऱ्या हरभऱ्याचा काय दोष? म्हणून खाली टप्पे क्रमानं दिलेत, मधला एखादा गाळला तर पुढचा नीट होत नाही, त्यामुळे आधी सगळं वाचा आणि मग भिजत घाला.

## आधी हे: किती खायचं आणि कशाला मोजायचं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या ज्या सूचना काढल्या त्यात दिवसाला साधारण २००० कॅलरीच्या ताटात डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम धरलीत, आणि हे कच्चं वजन आहे, शिजलेलं नाही. इथेच पहिला गोंधळ होतो. मी एकदा घरच्या वजनकाट्यावर मोजून पाहिलं, आमच्या चौघांच्या वरणाला मी तुरीची डाळ घेत होते ८० ग्रॅम. म्हणजे माणशी २० ग्रॅम. तूर डाळीत १०० ग्रॅमला साधारण २२ ग्रॅम प्रोटीन धरलं तर एका वाटी वरणातून मिळालं साडेचार ग्रॅमच्या आसपास, आणि आम्ही समजत होतो की रोज वरण आहे म्हणजे प्रोटीनचं बघायलाच नको!

तर एक दिवस तुम्ही पण काट्यावर तोला. काटा नसेल तर पाव किलोचं पाकीट फोडा, ते किती माणसांना किती दिवस पुरतं ते लिहून ठेवा, हिशोब आपोआप कळतो.

मोजताना काय धरायचं काय नाही:
- तूर, मूग, उडीद, मसूर, हरभरा, मठ (म्हणजे मटकी), चवळी, हुलगे (म्हणजे कुळीथ), राजमा, वाटाणा, सोयाबीन हे सगळं धरा.
- शेंगदाणा शेंगवर्गातलाच, पण त्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग तेल असतं, म्हणून तो डाळीच्या हिशोबात नका धरू.
- शेवभाजी, डुबुकवडे, पातोड्या यातलं बेसन हरभऱ्याचंच, त्यामुळे कडधान्य पोटात जातं हे खरं, पण शेवभाजीवर जो लालभडक तेलाचा तवंग असतो तो पण मोजा म्हणजे झालं. मला स्वतःला शेवभाजी सोडवत नाही, पण मी तिला प्रोटीनच्या वहीत लिहीत नाही.

अजून एक, कडधान्यात बी१२ नसतं. शाकाहारी माणसानं कितीही उसळी खाल्ल्या तरी ते दूध-दह्यातून नाहीतर डॉक्टरनं दिलेल्या गोळीतूनच यायचं.

## टप्पा १: खरेदी आणि साठवण

शिजत नाही ही तक्रार निम्म्या वेळा इथूनच सुरू होते. कडधान्य जुनं झालं, आणि तेही गरम जागी ठेवलेलं असलं, की त्याच्या आतली रचना अशी घट्ट होते की कितीही शिट्ट्या करा, ते मऊ पडत नाही. आता आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, आणि डबे कुठे ठेवतो आपण? पत्र्याच्या खोलीत माळ्यावर. तिथे वर्षभर राहिलेला राजमा दगडच होणार.

म्हणून वर्षाचं भरायची हौस डाळींपुरती ठेवा, अख्खं कडधान्य तीन-चार महिन्यांचंच घ्या, आणि हंगाम बघून घ्या. नवे मूग-उडीद भाद्रपदाच्या आसपास येतात, तूर जानेवारी-फेब्रुवारीत, हरभरा होळीच्या आगेमागे. दुकानदाराला सरळ विचारा, "नवा आहे की मागचा?" जुन्याचा रंग मळकट, गडद पडलेला असतो आणि सालाला सुरकुत्या असतात.

डाळ घेताना अती चकचकीत नको. जळगावात डाळ मिल एवढ्या आहेत की आपल्याला बिनपॉलिशची डाळ मिळायला अडचण नाही, मागायला हवी फक्त.

तूर किंवा हरभरा डाळीत चपट्या, कोपरे निघालेल्या, पाचरीसारख्या डाळी दिसल्या तर ती लाखेच्या डाळीची (खेसारीची) भेसळ असू शकते. ही डाळ बरेच महिने भरपूर खाण्यात आली तर पायातलं बळ जातं, लुळेपणा येतो. असा माल परत करा.

साठवताना क्रम असा: निवडून घ्या, दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, मग सावलीत पूर्ण गार होऊ द्या, आणि मगच डबा बंद करा. गरम गरम भरलं की आत घाम सुटतो, आणि मग बुरशी नाहीतर भुंगा. कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो, आमच्या सासूबाई मठाला एरंडेलाचा हात लावून ठेवतात तेही चालतं (भिजवायच्या आधी धुतलं की झालं). थोडंच असेल तर पाकीट चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून काढा, भुंग्याची अंडी मरतात.

सावध: पाऱ्याच्या टिकड्या, बोरिक पावडर हे खाण्याच्या कडधान्यात नको, आणि गोदामात वापरतात त्या धुरीच्या गोळ्या तर घरात आणायच्याच नाहीत. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो, बंद खोलीत झोपलेली माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

## टप्पा २: निवडणं आणि पाणी तपासणं

निवडताना खडे तर काढतोच, पण भोकं पडलेले, फुटके, अती बारीक दाणे पण काढा. फुटका दाणा मोडाच्या फडक्यात सगळ्यात आधी कुजतो आणि बाकीच्यांना वास लावतो.

मग पाणी. याकडे कोणी बघतच नाही आणि आपल्याकडे हाच मोठा घोळ आहे. बोअरचं पाणी जड असतं, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. हे दाण्याच्या आतल्या पेक्टिनला (दाणा बांधून ठेवणारा चिकट घटक) धरून ठेवतं आणि दाणा मऊ पडू देत नाही. नळाला गोड पाणी येणाऱ्या बहिणीकडे तोच हरभरा लोण्यासारखा शिजतो आणि आपल्याकडे नाही, यात कुकरचा काही संबंध नाही.

तपासा: पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला पांढरा खरपुडा धरतो का? साबणाला फेस येत नाही का? मग तुमचं पाणी जड.

उपाय तीन, सोयीचा असेल तो घ्या:
- भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरा. धुवायला बोअरचं चालेल.
- फिल्टर नसेल तर पाणी चांगलं खळखळ उकळा, गार होऊ द्या, खाली गाळ बसतो तो सोडून वरचं पाणी अलगद ओतून घ्या. सगळा जडपणा जात नाही पण फरक पडतो.
- भिजवायच्या पाण्यात मीठ घाला. लिटरला दोन सपाट चहाचे चमचे.

हो, मीठ. मी लहानपणापासून ऐकत आले की मिठानं कडधान्य दडदडीत राहतं. उलटं आहे, भिजवताना घातलेलं मीठ सालातल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडतं. ते पाणी नंतर फेकायचंच आहे. बीपीवाल्यांनी दोनदा स्वच्छ धुवावं आणि उसळीत वरून मीठ कमी घालावं. मोड आणायचे असतील तर मात्र मिठाच्या पाण्यात भिजवू नका, मोड नीट येत नाहीत.

## टप्पा ३: भिजवणं

कडधान्याच्या तिप्पट-चौपट पाणी, मोठं भांडं. दाणा फुगून दुप्पट-अडीचपट होतो, मी नवीन लग्न झाल्यावर छोट्या डब्यात घट्ट झाकण लावून हरभरे भिजवले होते, सकाळी झाकण वर उचललेलं आणि वरचे दाणे कोरडे.

वेळा साधारण अशा:
- तूर डाळ, मूग डाळ, मसूर डाळ: अर्धा तास पुरे
- हरभरा डाळ: २ तास
- चवळी: ४ ते ६ तास
- मूग, मठ, अख्खा मसूर: ६ ते ८ तास
- अख्खा उडीद: ८ तास
- हरभरा, काबुली, राजमा, हुलगे, वाळलेला वाटाणा: १० ते १२ तास

हे थंडीतलं आणि पावसाळ्यातलं. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे रात्री पण भिंती तापलेल्या असतात, त्यात बारा तास ठेवलं तर वर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. उन्हाळ्यात दर चार तासांनी पाणी बदला, किंवा भांडं सरळ फ्रीजमध्ये ठेवा (तासभर जास्त लागतो), किंवा फ्रीज नसेल तर माठाच्या तिवईखाली जी ओली गार जागा असते तिथे.

तपासा: एक दाणा नखानं मधून चिरा. मधे पांढरा कोरडा ठिपका दिसला तर अजून भिजला नाही. वरून फुगलेला दिसतो म्हणून फसू नका.

सगळ्यात जास्त होणाऱ्या चुका इथल्याच आहेत. एक, पाच कडधान्यं एकत्र भिजवणं. त्यात चवळीचा लगदा होतो आणि हरभरा कच्चा राहतो, दोन वेगळ्या भांड्यात भिजवून नंतर एकत्र करा. दुसरी, भिजवलेलं पाणीच शिजवायला वापरणं. "त्यात सत्त्व उतरतं" म्हणतात, थोडं उतरतं खरंच, पण पोटात गॅस करणारी जी साखर असते, रॅफिनोज, स्टॅकिओज वगैरे, जी पचवायचा रस माणसाच्या आतड्यात नसतोच आणि मग खाली मोठ्या आतड्यातले जंतू ती खाऊन वायू करतात, ती पण याच पाण्यात उतरते. पोट नाजूक असेल तर पाणी फेका, झाडाला घाला (मीठ घातलेलं असेल तर झाडाला नको).

रात्री भिजवायचं राहिलं तर? सकाळी पाणी उकळा, कडधान्य टाका, दोन-तीन मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करून झाकून एक तास ठेवा, ते पाणी फेकून नवीन पाण्यात शिजवा. रात्रभर भिजवल्याएवढं नाही होत पण वेळेला चालतं.

## टप्पा ४: मोड (ऐच्छिक, पण मुगा-मठाला कराच)

मोड आणल्यानं क जीवनसत्त्व वाढतं, फायटेट (लोह अडवून धरणारा घटक) कमी होतं म्हणजे लोह जास्त मिळतं, आणि ती गॅसवाली साखर पण दाणा स्वतःच खर्च करतो.

१. भिजवलेलं निथळून दोन-तीन पाण्यांनी धुवा.
२. चाळणीत दहा मिनिटं ठेवा. पाणी पूर्ण निथळलं पाहिजे, हे दहा मिनिटं कोणी थांबत नाही आणि मग चिकट तार सुटते.
३. स्वच्छ सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, त्यात सैलसर बांधा. आवळून बांधलं तर मोडाला जागाच नाही.
४. हवा लागेल असं टांगा किंवा चाळणीत झाकून ठेवा. स्टीलच्या बंद डब्यात उन्हाळ्यात तर अजिबात नको.
५. दर पाच-सहा तासांनी पाण्याचा हबका मारा.

उन्हाळ्यात मठाला आठ-दहा तासांत मोड येतो. डिसेंबरात मात्र धुळ्यात जी थंडी पडते ना, त्यात दीड-दोन दिवस लागतात, तेव्हा गाठोडं पिठाच्या डब्याआड नाहीतर चुलीजवळ उबेला ठेवा. मोड अर्धा ते एक सेंटिमीटर झाला की थांबवा आणि फ्रीजमध्ये टाका. लांबलचक शेपट्या आल्या की मठ कडवट लागतो.

गणंग काढा. काही दाणे भिजतच नाहीत, त्यांचं सालच पाणी आत घेत नाही. मोड आल्यावर थोडे थोडे ताटात घ्या आणि ताट हलवा, गणंग टणटण वाजतात आणि खाली घसरतात. माझ्या सासऱ्यांची दाढ एका मठाच्या दाण्यानं गेली तेव्हापासून आमच्याकडे हे काम कोणी टाळत नाही.

सावध: कच्चे मोड सॅलडमध्ये टाकून खाण्याची फॅशन आहे. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंना पण आवडते. २०११ मध्ये जर्मनीत मोडाच्या मेथीवरून मोठी साथ आली होती, पन्नासच्या वर माणसं दगावली. गरोदर बाई, लहान मूल, म्हातारी माणसं, आजारातून उठलेले यांना मोड वाफवूनच द्या, बाकीच्यांनी पण पाच मिनिटं वाफ दिली तर काही बिघडत नाही. चिकट झालेले, वास येणारे मोड धुवून वापरायचे नाहीत, टाकायचेच.

## टप्पा ५: शिजवणं, आणि शिट्ट्या मोजणं बंद

शिट्टी म्हणजे वेळ नाही. गॅस मोठा असला की पाच मिनिटांत सहा शिट्ट्या होतात, बारीक असला की वीस मिनिटांत दोन. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा.

१. नवीन पाणी, दाण्यांच्या वर दोन बोटं.
२. झाकण न लावता उकळी आणा, वर फेस येईल तो काढा.
३. चमचाभर तेल, हळद, हिंग. तेलानं फेस कमी होतो आणि शिट्टीत साल अडकत नाही.
४. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. हरभऱ्याचं सुटलेलं साल शिट्टीच्या नळीत बसलं तर काय होतं हे आमच्या छतावरच्या डागाला विचारा.
५. झाकण लावा, पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर: अख्खे मूग ३-४ मिनिटं, चवळी ६-८, तूर डाळ ८-१०, हरभरा १५-२०, अख्खा उडीद २०, राजमा आणि हुलगे २०-२५. तुमच्या कुकरवर, गॅसवर दोन-चार मिनिटं इकडे तिकडे होणारच, पहिल्यांदा केलं की कुकरजवळ चिठ्ठी लावून ठेवा.
६. वाफ आपोआप जाऊ द्या. नळाखाली कुकर धरला की साल फुटतं आणि आत दाणा कच्चाच.

मोडाच्या मठाला कुकर लागत नाही. कढईत फोडणीवर परतून, पाण्याचा हबका, झाकणावर पाणी ठेवून आठ-दहा मिनिटं.

तपासा: एकच दाणा दाबून बघायचा नाही, वेगवेगळ्या जागचे पाच काढा. पाचही अंगठा आणि बोटात न जोर लावता दाबले गेले पाहिजेत. चार दाबले गेले आणि एक नाही तर अजून पाच मिनिटं.

आंबट सगळ्यात शेवटी. चिंच, आमसूल, टोमॅटो, कैरी, लिंबू हे दाणा मऊ होऊ देत नाहीत, गुळाचं पण तेच. दाणा पूर्ण शिजल्यावरच घाला. हा एकच नियम पाळला तरी अर्ध्या तक्रारी संपतात.

सोड्याबद्दल: दाणा लवकर शिजतो हे खरं, पण बी१ जीवनसत्त्व जातं आणि चव साबणासारखी होते. पाणी फारच जड असेल तर किलोला चिमूटभर, त्याच्या वर नाही.

### राजम्याचं वेगळं लिहितेय कारण हे गंमतीत घेण्यासारखं नाही

कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब लागतात. ते नुसत्या गरम होण्यानं जात नाही, चांगली खळखळ उकळी लागते. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात, जिथे पाणी ८० अंशाच्या आसपासच राहतं, तिथे तर विष कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. माझा भाचा पुण्याला रूमवर राहतो, त्यानं असाच रात्रभर मंद ठेवून राजमा केला, दाणा मऊ दिसत होता म्हणून तिघांनी खाल्ला आणि तिघंही पहाटेपासून बाथरूमच्या लाईनीत.

म्हणून राजम्याला पक्का क्रम: रात्रभर भिजवा, पाणी फेका, धुवा, नवीन पाण्यात झाकण न लावता कमीत कमी दहा मिनिटं खळखळ उकळा, मग कुकर. भिजवलेला राजमा चवीला पण कच्चा चाखायचा नाही.

## टप्पा ६: पोटाला सवय लावणं

हा टप्पा लोक गाळतातच. आतड्यातल्या जंतूंना पण सवय लागायला वेळ लागतो, महिनाभर नुसती पोळी-बटाटा खाऊन एकदम छोले ओढले तर आवाज होणारच. मी सांगते तो चढता क्रम:

पहिला आठवडा सालाची मूग डाळ, शिजलेली अर्धी वाटी, दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात मोडाचे मूग आणि मसूर. तिसऱ्यात मठ, चवळी. हरभरा, राजमा, उडीद चौथ्यानंतर, आणि तेही दुपारी, रात्री नऊला हरभऱ्याची उसळ खाऊन आडवं व्हायचं आणि कडधान्याला शिव्या घालायच्या याला अर्थ नाही. पाणी नेहमीपेक्षा दोन पेले जास्त, कारण तंतू वाढले आणि पाणी नाही वाढलं तर उलट बद्धकोष्ठ होतं.

हिंग, ओवा, आलं, लसूण घाला, चवीला तर पाहिजेतच. पण हिंगाच्या भरवशावर भिजवणं टाळू नका.

एखादंच कडधान्य सोसत नसेल तर तेवढंच सोडा. आमच्याकडे उडदाची डाळ सगळ्यांना चालते आणि चवळी एकीला अजिबात नाही, असं असतं.

## टप्पा ७: ताट

ज्वारी-बाजरी-गव्हात लायसिन नावाचा प्रोटीनचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर, आणि डाळीत मेथिओनिन कमी ते धान्यात. दोन्ही एकाच घासात पाहिजेत असं काही नाही, दिवसभरात आलं तरी चालतं, पण आपल्याकडे ते एका भाकरीतच बसवलेलं आहे. कळण्याची भाकरी! आमच्या घरी चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट काळा उडीद आणि मीठ, असं एकत्र दळून आणतो. वर ठेचा, तेल, कांदा. महागड्या प्रोटीन पावडरच्या डब्यावर पैसे घालायच्या आधी महिनाभर कळणा दळून बघा.

बाकी ताटासाठी:
- उसळीवर लिंबू पिळा, कडधान्यातलं लोह तरच नीट लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. आपल्याकडे हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितीय.
- शुगरवाल्यांनी भाकरी तेवढीच ठेवून उसळ वाढवायची नाही, एक भाकरी कमी करून तिच्या जागी उसळ घ्यायची.
- डाळ-बट्टीच्या दिवशी डाळ दोन वाट्या आणि बट्टी एक, असं करून बघा, उलटं सगळेच करतात. तुपाचं मी काही बोलत नाही.
- शिजवलेलं पाणी फेकू नका, आमटीला, कणीक मळायला वापरा. फेकायचं ते भिजवलेलं.
- पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे हरभरे, फुटाणे, शेंगदाणे नको, घशात अडकतात. कुस्करून द्या.

डॉक्टरला विचारून: किडनीचा त्रास असेल तर कडधान्य किती हे स्वतःच्या मनानं नाही, यातलं प्रोटीन आणि पोटॅशियम दोन्ही मोजावं लागतं. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यात चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर गोळी नीट लागत नाही.

## टप्पा ८: उरलेलं

उन्हाळ्यात शिजलेली उसळ ओट्यावर दुपारभर ठेवली की संध्याकाळी तार सुटते, वास येईलच असं नाही. खाऊन झाल्यावर तासाभरात पसरट भांड्यात काढून फ्रीजमध्ये. तीन दिवसांत संपवा, आणि लागेल तेवढीच काढून गरम करा, सगळं पातेलं रोज उकळायचं नाही.

फ्रीजर असेल तर रविवारी अर्धा किलो हरभरा एकदम शिजवा, निथळून, गार करून वाटी-वाटीच्या पिशव्या बांधून टाका, महिनाभर सहज राहतो. पिशवीवर तारीख घाला. आमच्या फ्रीजरमध्ये परवा एक बिनतारखेची पिशवी निघाली, ती मठाची होती की हुलग्याची हे घरात कोणालाच सांगता आलं नाही, शेवटी गाईला घातली.